नळीला पाडलेले दाते

लोखंड घासल्याचा वास आला की एटापल्लीच्या वाटेवरची ती दुपार आठवते. माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक तुटून चाक फिरेना, आणि गियर काढल्याशिवाय नवे स्पोक बसणार नव्हते. "याले दातेवाला पाना लागते, बाई. इथी नाई भेटत," वाटेवरच्या टपरीतला दुरुस्तीवाला म्हणाला. बस बंद, फोनला रेंज नाही, चारी बाजूंनी जंगल. "छिन्नीनं तोडा!" मी ओरडले. "तोडलं तं जाल कायच्यानं?" म्हणत तो लोखंडी नळीच्या तुकड्याला कानशीनं दाते पाडत बसला. मी रस्त्याकडे बघत चिडत राहिले. उन्हं कलताना नळी गियरच्या खाचांत बसली आणि गियर सुटलं. त्यानं स्पोक आणि गियर बसवल्यावर मी निघाले, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "यायनं सकाळपासून काईच खाल्लं नाई." मी पॅडल मारलं. मागे वळूनही पाहिलं नाही, याची आज लाज वाटते.