कारणाचा रकाना

मी नोकरीत नेमकं काय करते, हे मला आजवर एकाही नातेवाइकाला नीट सांगता आलेलं नाही. आमची कंपनी ठाण्यात घोडबंदर रोडला आहे आणि ती कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. म्हणजे कॉम्प्युटर चालू केला की समोर जो पडदा येतो, फायली दिसतात, बटणं दिसतात, तो सगळा कारभार. शाळा, पतसंस्था, लहानसहान कार्यालयं अशा ठिकाणी ती चालते. वापरणारे लोक तिच्यात सुधारणा सुचवत असतात आणि मराठीतून आलेली प्रत्येक सूचना माझ्याकडे येते. ती वाचायची, तिच्यावर ‘घेऊ’, ‘बघू’ किंवा ‘बंद’ असा शेरा मारायचा आणि ठरलेलं उत्तर पाठवून द्यायचं: आपली सूचना नोंदवली आहे, आभारी आहोत.

या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो, आणि माझा मुळातही काही फार गोड नव्हता. कोणी लिहितं, कॉम्प्युटरने बंद होताना नमस्कार म्हणावं. कोणाला वाटतं, केराच्या टोपलीत टाकलेली फाइल साहेबांना दिसू नये. एका मुख्याध्यापकांनी घड्याळ कायमचं दहा मिनिटं पुढे ठेवायची सोय मागितली होती, शिक्षक वेळेवर यावेत म्हणून. मी चहा पीत पीत ‘बंद’, ‘बंद’ करत सुटते आणि दुपारी डब्याच्या वेळी त्यातल्या मजेशीर सूचना सगळ्यांना वाचून दाखवते. त्यात माझ्या वडिलांच्याही दोन वाचून दाखवल्या होत्या.

बाबा डोंबिवलीला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या नोटिसा टाइप करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर आमची सिस्टिम मीच टाकून दिली. सूचना कुठे पाठवायच्या तेही दाखवलं, आणि मराठीतल्या सगळ्या मीच वाचते हे जरा तोऱ्यातच सांगितलं. फॉर्मवर नाव लिहायची सक्ती नसते आणि त्यांनी ते कधी लिहिलंही नाही. पण त्यांची पहिलीच सूचना मी दोन ओळींत ओळखली. बॉयलरच्या लॉगबुकात ते आयुष्यभर जशी नोंद करत आले तशीच ती होती. निरीक्षण, कारण, उपाय. लहानपणी माझा ताप आणि घरचा गळका नळसुद्धा आमच्याकडे याच तीन रकान्यांत बसायचा.

त्या पहिल्या सूचनेत त्यांनी लिहिलं होतं: ‘निरीक्षण – फाइलवर डबल क्लिक केले असता ती उघडत नाही, तिचे नाव बदलण्याची चौकट उघडते. कारण – दोन क्लिकमध्ये अंतर पडते. उपाय – यंत्राने अंमळ थांबावे.’ मी ऑफिसात बसल्या बसल्या हसले. अंमळ! सेटिंगमध्ये ती सोय आधीपासून होती, म्हणून शेरा मारला ‘बंद’, आणि ठरलेलं उत्तर धाडून दिलं. घरच्यांच्या सूचनेवर मेहेरनजर नको, असा माझा बाणा. फोनवर त्याबद्दल मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. आमचा आपला एक खेळ चाललाय, असं मला वाटत होतं.

मग महिना-दीड महिन्याने एक यायची. फोल्डर उघडायला जावं तर तो सरकून शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. कारण, माऊस हलका आहे. खिडकी बंद करायची फुली फार लहान आहे, कारण, चष्मा. एकदा आलं की ‘क’ दाबला असता पाच-सहा क उमटतात. कारण, कीबोर्ड जुना. त्यावर मात्र मी त्यांच्या वाढदिवसाला गुपचूप नवा कीबोर्ड घरी पाठवला आणि स्वतःवरच खूश झाले. पुढची सूचना आली ती माझ्या कामाच्या घाईच्या दिवसांत. ‘कारण – कीबोर्ड नवीन आहे. तरीही.’ मी शेरा मारला, ‘बघू’.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी त्यांची नववी सूचना आली. खंडेनवमीला बाबा कॉम्प्युटर पुसून, झेंडू वाहून दिवसभर बंद ठेवतात, म्हणून बहुधा पूजेआधीच पाठवली असणार. ‘निरीक्षण – यंत्र बंद करताना “बंद”च्या शेजारचे “पुन्हा चालू”चे बटण दाबले जाते. काल तीन वेळा तसे झाले. अखेर चालू यंत्राचा मेन बंद करावा लागला. कारण –’ आणि पुढे काहीच नव्हतं. त्याखाली, ‘उपाय – दोन बटणांत अंतर ठेवावे.’

मी ती सवयीने ‘बघू’ करायला गेले आणि थांबले. चालत्या मशीनचा मेन बंद करणं हे बाबांच्या लेखी पापच. आधी मशीन शांत करायचं, मग मेन. आम्हाला मिक्सरच्या बाबतीतही ही शिस्त होती. त्यांनी चालू कॉम्प्युटरचा मेन ओढला होता. आणि बॉयलरच्या माणसाने कारणाचा रकाना मोकळा सोडला होता, जे मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या आधीच्या आठही सूचना मी शोधून एकाखाली एक लावल्या आणि तारखेने वाचत गेले. दोन क्लिकमध्ये अंतर पडतं. धरलेलं सुटतं. लहान खुणेवर नेम बसत नाही. दाबलेलं बोट लवकर उचललं जात नाही. यातली एकही तक्रार कॉम्प्युटरची नव्हती. वर्षभर तो माणूस मला त्याच्या हाताबद्दल लिहीत होता आणि मी त्याच्यावर शेरे मारत होते. मी पंधरा दिवसांनी एकदा डोंबिवलीला जायचे, समोर बसून जेवायचे. तेव्हा ते उजवा हात मांडीखाली घेऊन बसायचे, डाव्या हातात चमचा धरून जेवायचे, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती आनंदात होती. कॉम्प्युटरची पूजा झाली, आता नैवेद्याचं आटोपलं की खाली स्कूटरची करायची, आणि तशीच स्कूटर काढून कल्याणला दुर्गाडीच्या देवीची ओटी भरायला जायचं. दरवर्षी ते दोघं असेच जातात. नवरात्रातली दुर्गाडीची गर्दी, वाटेत पत्रीपुलावरचे ट्रक, आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेली माझी आई.

मी म्हटलं, “आई, आज स्कूटरने नको ना. रिक्षाने जा.”

“अगं, का? स्कूटरच तर पुजतोय.”

“माझं ऐक. मी पण येते. मी आल्याशिवाय निघू नका.”

“तू कुठे बसणार तिसरी?” ती हसली. “ह्यांना देऊ का फोन?”

मी नको म्हटलं. आईला तिथल्या तिथे खरं सांगितलं असतं तर तिने पुढच्या मिनिटाला बाबांना विचारलं असतं, आणि त्यांनी आपल्याला काही झालेलं नाही हे दाखवायला स्कूटरच बाहेर काढली असती. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण माझाही स्वभाव तोच आहे. साहेबांना घरी अडचण आहे एवढंच सांगून मी भाड्याच्या गाडीत बसले.

त्या दिवशीचा तो रस्ता मला अजून आठवतो. माजिवड्यापर्यंतच पाऊण तास गेला. पुढे माणकोलीच्या पुलाकडे वळायच्या आधी कंटेनरांची रांग लागली आणि ती हलेना. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. बाबांना लावला, वाजून वाजून बंद झाला. निघाले असतील तर फोन पिशवीत असणार. मी ड्रायव्हरवर खेकसले, मग त्याची माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, उडून नाही ना जाता येत.” मी गाडीत बसून मनातल्या मनात स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. एक फोन करायला काय झालं होतं तुला, बये? बाबा, हे काय लिहिलंत, एवढं विचारायला?

सोसायटीच्या फाटकात उतरले तेव्हा ते दोघं पार्किंगमध्येच होते. स्कूटरला झेंडूचा हार, पुढच्या चाकाशी फोडलेला नारळ. आई पदर खोचून, ओटीची पिशवी छातीशी धरून उभी. बाबा स्कूटरवर बसले होते आणि किल्ली लावत होते. किल्ली भोकाच्या डावीकडे टेकली, मग वर टेकली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि पुन्हा नेम धरला. जवळ गेल्यावर मला दिसलं, त्या भोकाभोवतीचा सगळा रंग ओरखड्यांनी उडालेला होता.

“तू इथे कशी?” बाबा म्हणाले. “सुट्टी दिली का आज?”

“बाबा, किल्ली द्या. आपण रिक्षाने जाऊ.”

“स्कूटर पुजलीय.”

“कॉम्प्युटर पण पुजलात ना? त्याला आज सुट्टी, मग हिला का नाही?”

“वाहनाचं तसं नसतं. पुजलं की चालवायचं असतं.” आणि आईला म्हणाले, “बस गं तू.”

आई बसायला पुढे झाली आणि माझा तोल गेला. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. वरच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं, तरी मी गप्प बसले नाही. “कारणाचा रकाना मोकळा का ठेवलात?” मी ओरडले. “बाकी सगळं लिहिता आलं, तेवढंच नाही आलं?”

बाबांचा हात किल्लीसकट हवेत थांबला. म्हणजे थांबला नाही. मनगटावरची पकड सुटल्यावर तो आमच्या तिघांच्या मध्ये हलत राहिला आणि त्यांनी या खेपेला तो लपवला नाही.

“कसला रकाना?” आईने विचारलं.

“वाचलंस तर,” बाबा मला म्हणाले.

“आज वाचलं.”

“आज?” ते खाली बघत राहिले. “मला वाटलं होतं, तिसऱ्या-चौथ्यालाच तुझा फोन येईल.”

“तुम्ही करायचा होता ना मग.”

“फोनवर काय सांगू? हात ऐकत नाही म्हणून? मशीनचं म्हणून लिहिता येत होतं, ते लिहिलं.” मग माझ्याकडे न बघता, “तू कीबोर्ड पाठवलास तेव्हा वाटलं, कळलं हिला. नंतर काहीच बोलली नाहीस. म्हटलं, कळूनही बोलत नाहीये, म्हणजे हिला नसेल बोलायचं.”

आई आता बोलायला लागली होती, हळू आवाजात, आमच्यापैकी कोणालाच उद्देशून नाही असं. “मी हल्ली चहा अर्धाच कप देते ह्यांना. सांडायला लागला ना, म्हणून. वाटलं, वय झालं.” तिने पुढे होऊन त्यांच्या बोटांतून किल्ली काढून घेतली आणि ओटीच्या पिशवीत तांदळाच्या पुडीशेजारी ठेवली. बाबांनी ती घेऊ दिली.

दुर्गाडीला आम्ही रिक्षाने गेलो. बाबा मधे बसले होते. गर्दी होती, रांग होती, आईने ओटी भरली. येताना बाबा एवढंच म्हणाले की पूर्वी स्कूटरने निम्म्या वेळात व्हायचं.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे वेळ मिळाली. बाबांना त्यांनी बोटं जुळवायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, खोलीत चार पावलं चालवलं. कंपवात आहे, म्हणाले. गोळ्यांनी पुष्कळ ताब्यात राहतो, घाबरू नका. मग लिहिता लिहिता विचारलं, कधीपासून होतंय हे? बाबांना नीट आठवेना. मला तारखांसकट पाठ होतं. मी सांगत गेले: मागच्या दिवाळीनंतर दोन क्लिक जुळेनात, मग धरलेलं सुटायला लागलं, मग बोट उचलायला उशीर. डॉक्टर भराभर उतरवून घेत होते. एवढी नीट माहिती सहसा कोणी आणत नाही, असं त्यांनी कौतुकही केलं. मग पेन थांबवून ते म्हणाले, “पण वर्ष होत आलं. एवढं सगळं होत होतं, तर घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?”

मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच बाबा म्हणाले, “नाही हो डॉक्टर. मी कोणाला सांगितलंच नव्हतं.”

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. मी त्यांना खरं सांगितलं नाही. बाबांचा हात माझ्या शेजारी खुर्चीच्या दांड्यावर हलत होता. मी त्यावर माझा हात ठेवला आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.