आज लिहिलेलं 'हरकत नाही'

आज कोर्टात मी दोन शब्द लिहिले, ते अजून डोक्यातून जात नाहीत.

मी वकिली करते. साजगावच्या गणपतकाकांचा उजवा हात कारखान्यात गेला. अपंगत्वाची पेन्शन नाकारली म्हणून आमचं अपील चालू आहे. ते दाखल करायला आम्हाला उशीर झाला, तेव्हा प्रत्येक दिवसाचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागलं होतं.

आज समोरच्या वकिलांनी लेखी म्हणणं द्यायला तिसऱ्यांदा मुदत मागितली. कारण एका ओळीचं. अशा अर्जाला आम्ही वकील सहसा आडवे येत नाही, उद्या आपल्यालाही मुदत लागते. मी सवयीने 'हरकत नाही' लिहून सही केली. दोन महिन्यांनंतरची तारीख पडली.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "ताई, त्या कागदावर काय लिवलं तुमी?"

मी सांगितलं.

ते रागावले नाहीत. डाव्या हाताने कागदांची पिशवी सावरत म्हणाले, "माज्या वतीनं लिवलं ना? मंग मला इचारायचं तरी. मी मागंच उबा होतो."

वकील मित्रमैत्रिणींनो, तुम्ही शेवटचं 'हरकत नाही' लिहिलंत, तेव्हा तुमच्या मागे कोण उभं होतं?