हमीच्या आधी निघालेली मिरची

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडहून बी.कॉम. केलं आणि धर्माबादेत एका मिरची व्यापाऱ्याच्या पेढीवर निर्यातीचं काम धरलं. हे मी मिरवून सांगते, मिरवण्यासारखंच आहे. तोवर मोंढ्यात, म्हणजे धान्य-मिरचीच्या घाऊक बाजारात, बाईमाणूस यायचं ते मिरच्या निवडायला, टेबलाला बसायला नाही.

मालकांना आखातातलं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. पहिला माल पसंत पडला तर इथंच मिरची दळायचा कारखाना काढू, जागा तुमची, पैसा आमचा, असं ते फोनवर बोललं. तेवढ्यावर मालकांनी रस्त्याकडेची जमीन सपाट करून घेतली. अडत्यांकडून माल उचलला तोही जबानीवरच. मोंढ्याची रीतच ती. बोली तुटली, म्हणजे सौदा पक्का झाला, की माल हलतो, पैसा मागाहून. अडत्या शेतकऱ्याला आपल्या खिशातून चुकता करतो आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर थांबतो.

परदेशच्या व्यापारात त्या शब्दाच्या जागी बँक लागते. गिऱ्हाइकाच्या बँकेनं आपल्या बँकेला लेखी हमी द्यायची: माल जहाजावर चढल्याचे कागद दाखवा, पैसे आम्ही देतो. त्या हमीसाठी मी बँकेत खेटे घालत राहिले होते. बँकेतला साहेब भला माणूस. पीककर्ज, सोनेतारण, सगळं करायचा. पण हे काम आमच्या शाखेत होत नाही म्हणाला. कागद हैदराबादला जातील, तिथून मुंबईला. तुमची मिरचीच आधी पोचेल, असं वर हसून म्हणाला.

ऊन वाढलं. शीतगृह भरलेलं, आणि गोदामात मिरचीचा रंग उतरायला लागलेला. एका सकाळी पेढीपुढं कंटेनरची गाडी उभी, आणि हमाल पोती चढवत होते.

"मालक, हमी आली नाही अजून."

"येईल की. रंग थांबतो का तिच्यासाठी? त्याची जबान हाय. मोंढ्यात मी कवा कुणाला कागद मागितला? तू लई शिकलीस पोरी, पर भरवसा ठेवायला न्हाई शिकलीस."

हमाल हसले.

"मोंढ्यातला माणूस संध्याकाळी गल्लीत भेटतो, मालक. हा कुठं भेटणार?"

हमालांचं हसू थांबलं. मालकांनी कंटेनरचं दार लावायची खूण केली.

माल पोचला. गिऱ्हाईक आधी म्हणालं, रंग कमी आहे. मग म्हणालं, निम्म्या भावात घेतो. मग फोन उचलेना. तिकडच्या बंदरात माल पडून, जागेचं भाडं चढत चाललेलं, आणि परत आणायचा तर खर्च मिरचीहून जास्त. हमीचं आता नावच नको. माल गिऱ्हाइकाच्या दारात आल्यावर ती कोण देणार?

मालकांनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. पण ज्यांचे पैसे थकले होते ते अडते चहाला यायला लागले. सहज आलो म्हणायचे, पोरांच्या परीक्षेचं विचारायचे आणि बशीवरून रिकाम्या गोदामाकडं बघायचे. एकानं जाता जाता विचारलं, "कारखान्याचं कुठवर आलं मग?" मालकांनी त्याला आणखी एक चहा सांगितला.

मिरची आमच्याकडं पिकते, पण देशाबाहेर जाते ती जिथं बँकेत त्या कामाचं टेबल आहे तिथून. बाहेरचा पैसाही तेच टेबल बघून उतरतो. आमच्या सपाट केलेल्या जमिनीवर तेव्हा बाभळी उगवायला लागल्या होत्या.

अडते चहाला येत होते त्याच आठवड्यात लिलावाला मालकांबरोबर मी होते, नमुने घ्यायला. लालभडक ढीग होता. मालकांनी सगळ्यांच्या वरची बोली दिली. लिलाव पुकारणारा थांबला. त्यानं त्या ढिगाच्या अडत्याकडं बघितलं. अडत्या चष्मा पुसत होता. पुकारणाऱ्यानं खालची बोली उचलली, तीन वार म्हटली आणि सौदा त्या दुसऱ्याच्या नावावर तोडला.

मालकांच्या मुठीत अजून मिरच्या होत्या.

"ऐकू गेलं नसंल त्याला," ते मला म्हणाले.

पुढच्या ढिगावर ते आणखी मोठ्यानं बोलले. पुकारणारा त्यांच्याकडं न बघता दुसऱ्याच बोलीवर तीन वार म्हणून मोकळा झाला.