बासष्ट फूट

नातू खिडकीला पांढरा ऑइलपेंट देत होता. त्या वासानं मी पार भोरच्या धरणावर जाऊन उभी राहिले.

धरण तेव्हा नवं होतं, पहिल्यांदाच भरत होतं. पाण्याची पातळी वाचायला माझ्या वडलांना, दादांना, नेमलं होतं. भिंतीवरचे फुटांचे पांढरे आकडे तेच रंगवायचे, म्हणून त्यांच्या हातांना हा वास. आम्ही वर माळावर राहायला आलो होतो. आमचं शेतीचं रान खाली बुडितातच राहिलं होतं.

दादा घरी आले की आई विचारायची, "आज कुठवर आलंय वो?"

धरणावरच्या साहेबाला ते फूट सांगत, आईला रान. "वढ्याच्या वर आलंय." "आपल्या बांधाला लागलंय."

त्यानंतर चार दिवसांनी आईनं पुन्हा विचारलं. दादांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "बासष्ट फूट."

आईनं परत कधी विचारलं नाही. मला मात्र केवढा अभिमान! आमचे दादा साहेबासारखं बोलतात, असं मी शेजारी सांगत सुटले.

आता त्या धरणाच्या पाण्यावर वीज होते. आमच्या त्या रानाला आई एका नावानं हाक मारायची. ते नाव मला आठवत नाही. आकडा तेवढा आठवतो.