नखावरचा लाल ठिपका

माझ्या साखरपुड्याच्या सकाळी एक अनोळखी बाई मला बेगडेवाडी स्टेशनच्या बाकावर भेटली. अंगात कारखान्याचा निळा कोट आणि केसात अबोलीचा गजरा. घरचे पेढ्यांचे खोके सांभाळत लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत होते. मी मात्र नखं घासायचं बॅटरीचं नवं मशीन हातात धरून रडत होते. मेल्यानं नेमका अंगठी घालायच्या बोटाच्या नखाला खड्डा पाडला होता.

"स्पीड लय ठेवलास गं," म्हणत तिनं मशीन काढूनच घेतलं. पिशवीतला कामावरचा गॉगल डोळ्यांना लावला. मला वरून पाण्याचे थेंब सोडायला सांगितलं. "न्हाईतर माल तापतो." एकेक नख घासून ती त्यावरून अंगठा फिरवायची, उजेडात धरायची आणि खिशातल्या मार्करनं हिरवा ठिपका द्यायची. खड्ड्याच्या नखावर तिनं लाल दिला.

"लाल म्हंजे परत मशीनला. ह्यो पुढं जायाचा न्हाई."

तेवढ्यात गाडी आली. ठिपके शेवटपर्यंत निघाले नाहीत.

लोणावळ्यात नवऱ्या मुलानं अंगठी घेऊन माझा हात धरला आणि तो थबकला. त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. तो उर्से गावाजवळच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला आहे.

"लाल ठिपका आहे," तो कुजबुजला. "पुढं कसं पाठवू?"

ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. अंगठी मात्र अजून माझ्या मधल्या बोटात आहे. जरा घट्ट होते, पण तिथं हिरवा होता.