दहा हजार किलोमीटरचा केर

माझ्या सासूबाई चांदवडला राहायच्या. आम्ही त्यांच्याकडून नाशिकला परत निघालो की आम्ही पोचेपर्यंत त्या घरात कुणाला झाडू लावू द्यायच्या नाहीत. माणूस वाटेत असताना केर काढू नये, असं त्यांचं म्हणणं. आम्ही गंगापूर रोडला पोचून फोन केला की मग तिकडे झाडू हलायचा. मी चिडवायचे, "अहो आई, तुमच्या झाडूनं आमची एसटी पंक्चर होणार आहे का?" त्या म्हणायच्या, "हसा तुम्ही. मी नाय काढायची."

गेल्या वर्षी आमची लेक नोकरीसाठी मेलबर्नला गेली. एकटीच, आणि विमानात पहिल्यांदाच बसणारी. तिला मुंबईला सोडून आम्ही घरी आलो तोवर विमान सुटलेलं होतं. हॉलभर पसारा होता. सुतळीचे तुकडे, फाटके कागद, बॅगेतून सांडलेलं मेतकूट आणि कंगव्यातून ओढून टाकलेला तिच्या केसांचा गुंता.

ह्यांनी मोबाइलवर विमान दाखवणारं ॲप उघडलं. नकाशावर पिवळं विमान आणि खाली उरलेलं अंतर. मुंबई ते मेलबर्न जवळजवळ दहा हजार किलोमीटर. "चांदवडला पाऊणशे वेळा जाऊन यायचं, बास," हे म्हणाले. मला हसू आलं नाही.

दुपारपर्यंत आकडा उतरत होता. मग विमान श्रीलंका मागे टाकून नुसत्या निळ्यात शिरलं आणि दिसेनासंच झालं. आकडाही गेला. ॲप बंद करून उघडलं, वायफाय बंद-चालू केलं, निळा नकाशा तसाच.

"समुद्रावर सिग्नल मिळत नसेल," हे म्हणाले. मी विमान कंपनीला फोन लावला. तिकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. मी उठून बाल्कनीत गेले. नको नको ते मनात येत होतं.

आत आले तर हे हॉल झाडत होते. एरवी ह्या माणसाला झाडू कुठे असतो तेही सांगावं लागतं. अर्धा हॉल लख्ख आणि सुपडी केरानं भरलेली.

मी किंचाळलेच. "काय केलंत हे? ती अजून वाटेत आहे!"

ज्या गोष्टीला मी जन्मभर हसले, तिच्यावरून मी रडत रडत नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. स्वतःची लाज वाटत होती, तरी तोंड थांबेना. ह्यांनी सुपडी उचलली आणि सगळा केर परत हॉलभर पसरला. सुतळी टीव्हीखाली, केसांचा गुंता सोफ्याच्या पायाशी, जिथल्या तिथे. मग तिथेच फरशीवर बसले.

संध्याकाळी पिवळं विमान ऑस्ट्रेलियाच्या काठाशी पुन्हा दिसलं. तरी झाडूला कुणी हात लावला नाही. रात्री फोन वाजला तेव्हा दोघांनीही एकदम झडप घातली.

"आई, पोचले. बॅगाही मिळाल्या." तिच्यामागे गर्दीचा गोंगाट होता. "आता काढा केर."

"कसला केर?"

"कळतं मला. आजीचीच सून ना तू!"

"काढतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. झाडू समोरच पडला होता. आम्ही दोघं केसांच्या त्या गुंत्याकडे बघत बसलो. त्या रात्रीही केर निघाला नाही.