चिखल न लागलेले पाय

एखादा देश न पाहताच आवडू लागतो, तेव्हा ती आवड आपली असते, की त्या देशाच्या सरकारने आपल्या मनात अलगद आणून ठेवलेली? पटले सरांच्या साठीनिमित्त लिहायला बसले आणि हाच प्रश्न समोर आला. त्याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

सरांची पहिली ओळख गोंदियाच्या महाविद्यालयात, राज्यशास्त्राच्या तासाला झाली. मी दवनीवाड्याहून एसटीने येत असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. त्या दिवशी सरांनी फळ्यावर एक जुनी परदेशी दिनदर्शिका टांगली होती. निळे डोंगर, धुक्यात विरघळत गेलेल्या भाताच्या बांध्या आणि रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करता करता हसणारी एक बाई. सरांनी विचारले, "काय दिसतं?" कुणी म्हणाले शांती, कुणी समृद्धी. माझ्या तोंडून निघून गेले, "सर, हिच्या पायाले चिखल काऊन नाही?"

वर्ग हसला. मागून टोमणा आला, "मॅडम खेत से सीधे आई है!"

"सीधी आली म्हणूनच तिले दिसलं," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, हा प्रश्न सांभाळून ठेव."

सरकारे परक्या देशातल्या माणसांची मने कशी वळवतात, हा सरांचा आयुष्यभराचा अभ्यास. पुस्तकात त्याला लोकराजनय म्हणतात. सरांनी मात्र तो आधी अंगावर घेतला होता. तरुणपणी ते गोरेगावात परदेशी रेडिओच्या हिंदी कार्यक्रमांचे श्रोता मंडळ चालवत. खरखरीतून दूरचा देश लाटेसारखा जवळ यायचा, पुन्हा मागे सरायचा. त्यांचे कौतुकाचे पत्र रेडिओवर वाचले गेले की आठवडी बाजारात त्यांची मान ताठ व्हायची. मग एकदा त्या देशात विद्यार्थ्यांची धरपकड झाली. त्या संध्याकाळी केंद्रावर फक्त गाणी लागली, आणि मध्ये सरांचे पत्र. दुसऱ्या दिवशी बाजारात कापडवाल्याने अडवले, "काऊन पटले भाऊ, तुमच्या दोस्ताले काल गानंच सुचून राहिलं होतं का?"

त्यानंतर मंडळात एक रीत पडली. एकच बातमी दोन देशांच्या केंद्रांवर ऐकायची आणि कोणी काय गाळले ते बोलायचे. आमच्या वेळी रेडिओच्या जागी मोबाइल आला, रीत तीच राहिली. आपल्या सरकारच्या चित्रफितींनाही सरांनी कधी सूट दिली नाही.

गेल्या वर्षी एका परदेशी सरकारने तरुणांच्या अभ्यासदौऱ्यासाठी माझी निवड केली. बाबा तयार नव्हते. सर मोटारसायकलने घरी आले.

"फुकटात कायले नेऊन राहिले ते, सर?" बाबांनी विचारले.

"फुकटात नाही. परत येऊन हिनं चांगलं बोलावं म्हणून नेतात," सर म्हणाले. "जाऊ द्या तिले. डोळे घेऊन जाईल." जाताना आपला लोकरी स्वेटर माझ्या हाती ठेवून गेले.

तो देश स्वप्नासारखाच निघाला. सकाळी डोंगर धुक्यातून तरंगत वर यायचे. आमची दुभाषी मुलगी मला तिच्या आईकडे घेऊन गेली, त्या माउलीने ओंजळीत गरम चहाचा कप दिला. निघताना ती मुलगी रडली, मीही रडले. त्याच दौऱ्यात एका गावी मला गोल टोपी घालून धुऱ्यावर, शेताच्या कोरड्या बांधावर, उभे केले, हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची जुडी दिली आणि फोटो काढला.

यंदा तो फोटो दौरा नेणाऱ्या त्यांच्या कार्यालयाकडून ईमेलने आला. त्यांच्या नव्या दिनदर्शिकेसाठी माझी संमती हवी होती. खाली ओळ होती: 'भारताची शेतकरीकन्या आमच्या बांधवांसोबत रोवणी करताना.' मी आधी पाय पाहिले. कोरडे, स्वच्छ. पुढच्या शिक्षणासाठी मी त्यांच्याकडेच शिष्यवृत्ती मागितली आहे, आणि ती याच कार्यालयातून ठरते.

मी गोरेगावला सरांकडे गेले. "सर, काय करू?"

"मी सांगितलं तर तू माझं मत घेऊन घरी जाशील. मंग त्यांच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला?" मी निघाले तेव्हा एवढेच म्हणाले, "त्या माउलीचा चहा खोटा नव्हता, हेही ध्यानात ठेवजो."

शिष्याला स्वतःच्याही मतापासून मोकळे ठेवणारे गुरू मला लाभले. सर, आपली प्रकृती उत्तम राहो, वर्षे भरपूर मिळोत, आणि चिखलाबद्दल विचारणाऱ्या मुली आपल्या अंगणात येत राहोत.

संपादकांच्या हाती हा लेख देण्याआधी मी त्या कार्यालयाला संमती पाठवली आहे, फक्त ओळ बदलून. शिष्यवृत्तीचे अजून कळलेले नाही. माझी ओळ अशी आहे: 'मी धुऱ्यावर उभी आहे. रोवणी मी केली नाही. इथे एका आईने मला चहा दिला, तो मी विसरणार नाही.'